चार पाहुण्यांची सोय अजून व्हायची आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. गेली सात वर्षं जुळे सोलापुरात संध्याकाळी जर्मनचा वर्ग घेते. वर्गात निम्म्याहून जास्त मुली नर्सिंगच्या. तिकडे नोकरीला जायचं तर आधी भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, म्हणून येतात. येत्या संक्रांतीला आम्ही वर्गातर्फे दोन दिवसांची एक लहानशी जर्मन भाषा स्पर्धा घेतोय. पुण्यात शिकायला असलेले चौदा परदेशी विद्यार्थी तिला येणार आहेत. नेपाळचे, श्रीलंकेचे, केनियाचे, व्हिएतनामचे. हे पत्र त्यांच्या राहण्याच्या सोयीसाठी आहे.

तारीख ठरवताना घोळ मीच घातला. हुरड्याचे दिवस, हवा चांगली, त्यांना सुट्टी, म्हणून संक्रांत धरली. संक्रांतीची गड्डा यात्रा विसरले होते असं नाही. सिद्धेश्वराची यात्रा सोलापूरकर विसरेल कसा? उलट सात नंदीध्वजांची मिरवणूक पाहुण्यांनी बघावी आणि तिच्यावर जर्मनमध्ये दहा वाक्यं बोलावीत, हा स्पर्धेचाच एक भाग ठेवलाय. बाराबंदी घातलेली माणसं एवढ्या उंचीचा ध्वज कमरेवर पेलून चालतात, हे सांगायला त्यांना कुठले शब्द सुचतात बघू. पण यात्रेत लॉजवर खोली मिळत नाही हे मला माहीतच नव्हतं. आपल्याच गावात लॉजवर राहायची वेळ येते कुणाला? तीन ठिकाणी फोन केले. चौथ्या ठिकाणचे गृहस्थ नुसते हसले.

मग ठरवलं, घरं शोधायची. आता वाटतं, लॉज मिळाले नाहीत ते बरंच झालं.

अशी मोठी स्पर्धा जर्मनीत दर दोन वर्षांनी होते, आंतरराष्ट्रीय जर्मन ऑलिम्पियाड. गोएथे इन्स्टिट्यूट (आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन) आणि जर्मन भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना मिळून ती घेतात. यजमान शहर बदलत असतं: 2018 ला फ्रायबुर्ग, 2022 ला हाम्बुर्ग, 2024 ला ग्योटिंगेन. चौदा ते सतरा वर्षांची मुलं जगभरातून येतात आणि त्यांना वेगवेगळ्या देशांच्या मिश्र गटांत बसवतात. म्हणजे जर्मनशिवाय एकमेकांशी बोलायची सोयच नाही, आणि जर्मन तर सगळ्यांनीच शाळेत शिकलेली. सगळेच अडखळणार, सगळेच शब्दांचं लिंग चुकणार.

हे वाचलं तेव्हा मला आपलं गाव आठवलं. माझ्या गल्लीत भाजीवाली कन्नड बोलते, इस्त्रीवाला दखनी, पूर्व भागातून येणाऱ्या मुली घरी तेलुगू. मी भाजीवालीशी चाळीस वर्षं मोडकं कन्नड बोलतेय, ती मोडकं मराठी बोलतेय, आणि कोथिंबिरीच्या भावावरून आमचं भांडण अगदी व्यवस्थित होतं. इथं प्रत्येक जण दुसऱ्याच्या भाषेत रोज चुकतो, म्हणून चुकणाऱ्याला कुणी हसत नाही. बाहेर मात्र आपल्या ‘का बे’ला लोक हसतात, तो भाग वेगळा.

हसतात म्हणजे कसं, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात चार मुलींना स्पर्धेला घेऊन गेले होते. पहाटेची गाडी, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. फाटकावरच्या माणसाला आमची नावं यादीत सापडेनात. पाऊण तास उन्हात उभ्या होतो. आत गेल्यावर एका संयोजक बाईंनी विचारलं, “सोलापूरला जर्मन शिकवतात?” वाईट हेतू नव्हता, पण मुली दिवसभर गप्प झाल्या. एकच बोलली, आणि ती एवढ्या मोठ्यानं, की जोडीची मुलगी मागे सरकली. तिच्या घरी खाली चार यंत्रमाग आहेत, वर राहायला दोन खोल्या. खटखटाटावर आवाज चढवून पाठांतर करायची सवय. परीक्षकांनी ‘जरा हळू’ म्हटलं. तिला हळू जमेना. नंबर गेला.

ही मुलगी व्याकरणात सगळ्यांच्या पुढे आहे. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, ‘डास मेडशेन’. इंग्रजी माध्यमातली मुलं यावर हुज्जत घालतात. ती म्हणाली, “मॅडम, आपण पण म्हणतोच की, ते पोरगं, ते लेकरू.” तीन लिंगं मराठीत आहेत, त्यामुळे आपल्या मुलांचं अर्धं भय आधीच गेलेलं असतं. आणि ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलायचं, हे मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्याला शिकवावं लागतं का?

आता एक विनंती, थोडी परखड. आमच्या स्पर्धेचं कळल्यावर दोन मंडळांचे निरोप आले: स्टेशनवर हलगी लावू, हार-तुरे, शाल, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. मनापासून आभार, पण नको. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि मुलं खुर्च्यांवर पेंगतात, हे मी एकतीस वर्षं बघितलंय. भाषणात डॉ. कोटणीसांचं नाव येणारच. यायलाही हवं. पण 1938 मध्ये सोलापूरचा हा मुलगा चीनला गेला, तिथली भाषा शिकला, तेव्हा सुरुवातीची त्याची चुकीची वाक्यं कुणीतरी न हसता ऐकून घेतली असतील ना? मला शहराकडून तेवढंच हवंय. रिक्षावाल्यांनी भाडं आधी नीट सांगावं. हॉटेलात ‘तिखट कमी’ म्हटलं तर खरंच कमी करावं. आपलं कमी म्हणजे त्यांचं दुप्पट.

घर देणाऱ्यांची पहिली शंका पाण्याची असते. नळाला रोज पाणी येत नाही, पाहुण्यांपुढे लाज वाटते म्हणतात. मी विद्यार्थ्यांना आधीच कळवलंय. केनियाच्या मुलानं उलट लिहिलं, आमच्या घरीही ड्रम भरून ठेवतात.

आतापर्यंत पाच घरांत प्रत्येकी दोघांची सोय झालीय. पाचवं घर त्या मोठ्यानं बोलणाऱ्या मुलीचं. तिचे वडील वर्गावर आले, चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. म्हणाले, “दोघांना ठेवतो. पण माग पहाटे पाचला सुरू होतो, चालेल का विचारा.” मी विचारलं. चालेल म्हणाले, फक्त माग जवळून बघायला मिळावा.

चौघे राहिले: दोन मुली, दोन मुलगे. एक मुलगी शाकाहारी आहे, एका मुलाला नमाजासाठी शांत कोपरा हवा. वेगळी खोली नसली तरी चालेल, घरात संध्याकाळी कुणीतरी गप्पा मारणारं असावं. इच्छुकांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं. माझा पत्ता तिथं ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर