अंगठ्याचं ओझं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. हसू आलं, कारण ‘अंगठा सोडला तर सगळं झकास चाललंय’ हे वाक्य मीही एकदा आमच्या सरांना जसंच्या तसं ऐकवलं होतं. वाईट वाटलं, कारण दोन महिने तू हे दुखणं अंगावर काढलंस आणि आता पत्रातून विचारतोयस, की क्लॅरिनेटचा भार अंगठ्याला टोचू नये म्हणून कुठली मऊ गादी घेऊ.

आत्ता कुठलीच घेऊ नकोस. आधी माझी फजिती ऐक.

मीही गादीपासूनच सुरुवात केली होती. आधी थंब रेस्टवर, म्हणजे वाद्य उजव्या अंगठ्यावर पेलायला मागून बसवलेल्या छोट्या टेक्यावर, चढवायचं साधं रबरी टोपण आणलं. चार दिवस बरं वाटलं. मग त्याहून जाड आणलं. मग शहाण्यासारखं टोपणावर टोपण चढवलं. अंगठ्याचा घट्टा दुखायचा थांबला, पण खालच्या स्वरांत क्लॅरिनेट किंचाळायला लागलं. मी रीडला, म्हणजे तोंडाशी थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पातीला, दोष दिला. तीन आठवडे रीड बदलत बसलो! शेवटी सरांनी माझा हात बाजूनं पाहिला आणि म्हणाले, ‘अरे, तुझी अनामिका भोकावर बसतेय कुठे?’ गादीच्या जाडीनं अंगठा नळीपासून लांब गेला होता, त्यामुळे बोटं ताणली जाऊन सपाट पडत होती आणि अनामिकेखाली केसाएवढी फट राहत होती. सरांनी दोन्ही टोपणं काढून माझ्या हातावर ठेवली, बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला, थंब रेस्ट सेंटीमीटरभर वर सरकवला आणि म्हणाले, ‘वाजव.’ गेले कित्येक दिवस मी दुखण्याला उशी देत होतो, दुखण्याचं कारण मात्र जागचं हललंच नव्हतं.

थोडं गणित बघ. लाकडी बी-फ्लॅट क्लॅरिनेट साधारण ८०० ग्रॅमचं. तेवढी पिशवी आपण हातात लटकवून सहज चालतो. इथे मात्र ते वजन पेलतो जवळजवळ एकटा उजवा अंगठा, तोही बाजूनं. डावा अंगठा मागचं भोक आणि वरच्या स्वरांसाठीची कळ (रजिस्टर की) सांभाळण्यात गुंतलेला, त्याची मदत नाही. त्यात अंगठा म्हणजे तरफ. वजन टोकाकडे पडलं, की मनगटाजवळच्या सांध्यावर ताण कित्येक पटींनी वाढतो. तेच वजन बुडाकडे आणलं, की ताण उतरतो. त्यामुळे टेका किती मऊ, हा प्रश्न नंतरचा. वजन अंगठ्यावर नेमकं कुठे येतं, ते आधी बघ.

ते असं बघ. आरशासमोर उभा राहून ओपन जी हा स्वर वाजव. त्यात सगळी बोटं वर असतात, त्यामुळे वाद्य तोंड आणि उजवा अंगठा या दोघांवरच उरतं. अंगठ्याची लबाडी तिथे उघडी पडते. पेर उलट्या बाजूला वाकतंय का? नखाचं टोक पांढरं पडतंय का? टेका नखाच्या मुळाशेजारी, अंगठ्याच्या कडेवर आला तर बहुतेकांना ठीक वाटतं. पार टोकाशी आला तर घसरतो, आणि घसरू नये म्हणून आपण आवळून धरतो. खरं दुखणं त्या आवळण्यातून येतं.

आता जागा शोधू. हात शरीराशेजारी सैल सोड आणि बोटं कशी वळतात ते बघ. जणू अर्धवट भरलेला पेला धरलाय. तोच आकार न मोडता हात वर आण आणि दुसऱ्या कुणाला तरी वाद्य त्या हातात ठेवायला सांग. तू वाद्याकडे जायचं नाही, वाद्यानं तुझ्याकडे यायचं. अंगठा जिथे टेकेल तिथे पेन्सिलीनं खूण कर. बऱ्याच जणांच्या बाबतीत ही खूण कारखान्यात बसवलेल्या टेक्यापेक्षा वर, तर्जनीच्या समोरासमोर येते. माझी तशीच आली होती.

तुझा थंब रेस्ट सरकणारा असेल तर त्याचा छोटा स्क्रू सैल करून एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलव आणि दोन दिवस वाजवून बघ. पक्का बसवलेला असेल तर घरी ड्रिल घेऊन बसू नकोस, हात जोडतो! लाकूड चिरलं तर अंगठ्याचं दुखणं बरं होतं म्हणायची पाळी येईल. ते काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याचं. बदली टेका घेतानाही स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आधी मोजून घे, प्रत्येक वाद्याचं सारखं नसतं.

जागा बसली, की मग गादी. पातळ घे, कातडी रुतणार नाही एवढीच. घामानं बुळबुळीत होते का तेही बघ.

एवढं करूनही दुखलं तर वेगळ्या घडणीचे टेके आहेत. कोइमन या नावाचे एट्यूड आणि माएस्ट्रो हे टेके तू ऐकले असशील. ते वजन अंगठ्याच्या टोकाकडून बुडाकडे नेतात. मी माएस्ट्रो वापरून पाहिलाय. पहिला आठवडा हात परक्याचा वाटला, कारण सवयीची सगळी बोटं थोडी हलली. नंतर मात्र तासभराच्या सरावानंतर अंगठा आहे हेच विसरायला झालं. पण तो मोठा आहे, तुझ्या वाद्याच्या पेटीत मावतो का ते पाहूनच घे.

वाद्य गळ्यातून पेलणाऱ्या गळपट्ट्याला नाक मुरडू नकोस. ‘पट्टा नवशिक्यांना’ म्हणतात त्यांचे अंगठे मी पाहिलेत. टेक्याला कडी असेल तर पट्टा लगेच अडकवता येतो. लांबी अशी ठेव, की मान न झुकवता माउथपीस ओठांशी यावा. मात्र सगळं वजन पट्ट्यावर सोडून अंगठा रिकामा ठेवू नकोस, वाद्याला वर हलकासा रेटा लागतोच, नाहीतर सूर ढिला होतो. बसून सराव करताना मी सरळ बेल, म्हणजे वाद्याचं खालचं रुंद तोंड, गुडघ्यांवर टेकवतो. दिसायला बावळट, पण चालतं.

आणि एक गोष्ट ऐकच. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या बाजूनं मनगटात कळ उठत असेल, तर हा टेक्याचा विषय राहिला नाही. सराव थांबव आणि डॉक्टरांना हात दाखव. तोपर्यंत दहा-दहा मिनिटांनी वाद्य खाली ठेवणं हाही सरावच समज.

आरशासमोरच्या ओपन जीचा एक फोटो बाजूनं काढून पाठव. चेहरा नसला तरी चालेल.

तुझा,
अभय

ता. क. – टेक्याचा स्क्रू सोडवताना खाली पांढरा रुमाल पसर. माझा जमिनीवर पडला होता. अर्धा तास पालथा पडून शोधला, तेव्हा कपाटाखाली सापडला.