रुपया काढू नकोस

सोनू,
काल फोनवर म्हणालीस, "आई, माझा फ्रीज म्हणजे तुझं गोडाऊन नाही" आणि मी फोन ठेवून दिला. ठेवायला नको होता. पण दापोलीच्या एसटीत बसल्यापासून डोक्यात एकच, ही रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटणार आणि बिस्किटं खाऊन झोपणार. हिमोग्लोबिन ८ आलंय तुझं. जाऊदे, जेवणाचा विषय काढणारच नव्हते.

तर फ्रीजर. नारळ खवून पाकिटात चपटा थापलाय, हवा तेवढा तुकडा मोडून घे, अख्खं पाकीट बाहेर काढू नकोस. आमरसाचे डबे मुद्दाम वर बोटभर रिकामे ठेवलेत, गोठताना रस फुगतो. १ जूनपासून दोन महिने बोटी बंद म्हणून हर्णैहून सुरमई आणली, एकेका पाकिटात दोनच तुकड्या. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायची, ओट्यावर नाही, आणि एकदा सुटली की परत गोठवायची नाही, थंडीने जंतू मरत नाहीत गं, नुसते झोपतात. झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. टीम लीड बाईंना मी मासे शिकवतेय, वाडीत मात्र सगळ्यांना सांगून झालंय हां तुझ्या प्रमोशनचं.

आजीची आगोट, पावसाळ्याची बेगमी, आठवते का तुला? सुकट, सोडे, आमसुलं, फणसाची साठं, सगळं मे महिन्यात उन्हात कडकडीत वाळवून माळ्यावर, लाईट असो नसो. आम्ही शहाणे, डीप फ्रीजर घेतला. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पत्रे गेले, लाईट गेली. दोन दिवस झाकणाला हात लावू दिला नाही मी कोणाला, गच्च भरलेला फ्रीजर तेवढा दम धरतो. पण लाईट काही येईना, शेवटी अण्णांनी परसात खड्डा खणला आणि सगळी मासळी पुरली. मग आजीचीच सुकट आणि भात. तुझा फोन लागत नव्हता, आणि मला त्या मासळीचं काही वाटत नव्हतं, तू जेवलीस का एवढंच चाललं होतं. बघ, परत तिथेच आले.

म्हणून तुझ्या फ्रीजरमध्ये कोपऱ्यात स्टीलची वाटी आहे, त्यात गोठलेलं पाणी आणि वर एक रुपया. तो काढू नकोस. तू गावी आलीस आणि मागे तिकडे बराच वेळ लाईट गेली तर बर्फ वितळून रुपया तळाला जाईल, मग पाणी परत गोठलं तरी तो खालीच दिसणार. तसा दिसला तर सुरमई सरळ टाकून दे, माझ्या कष्टांचा विचार करू नकोस.

पाकिटांवर तारखा घातल्यात. एकूण २३ आहेत. किती उरली ते विचारणार नाही, फक्त रविवारी रुपया वर आहे ना बघून फोटो पाठव. पूर्ण फ्रीजरचा काढ.

आई

कुळथाचं पीठ फ्रीजरमध्ये नाही, वरच्या फळीवर निळ्या डब्यात आहे. पिठी दहा मिनिटांत होते.