पिशवी काढल्यानंतरच्या वाफा: लेकीस पत्र

अमळनेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गर्भाची पिशवी काढल्यापासून अंगातून गरम वाफा येतात, असं तू कळवलंस. आधी डिस्चार्ज कार्ड काढ आणि ऑपरेशनच्या नावापुढे 'बीएसओ' लिहिलंय का बघ. असेल तर पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम खाली येतं, म्हणून वाफा काही दिवसांतच सुरू होतात आणि आपोआप पाळी गेलेल्या बाईपेक्षा जोरात येतात. अंडाशयं ठेवली असतील तर पाळी थांबली तरी हार्मोन बहुधा चालू राहतात. तसं असेल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिनही तपासून घे. धुळ्याचा उन्हाळा म्हणून अंगावर काढू नकोस. उन्हाचा घाम सावलीत जिरतो; ही वाफ कूलरसमोरही छातीतून मानेवर चढते, दोन-चार मिनिटांत उतरते आणि मग हुडहुडी भरते.

वाफांवर औषध म्हणून हार्मोन देतात, पण त्याला बायका घाबरतात. ही भीती पसरली 2002 साली, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर. पण त्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढला तो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत. पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात तो वाढला नाही. प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन पिशवीच्या अस्तराला जपायला असतं. पिशवीच नाही तर ते सहसा लागत नाही, एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतात. तुझं वय 42. या वयात अंडाशयं गेली असतील तर काहीच न घेणं हाडांना आणि हृदयाला महागात पडतं, म्हणून अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत देतात. स्तनाचा कॅन्सर, पायात गुठळी, लकवा किंवा लिव्हरचा आजार झालेला असेल तर आधीच सांग.

इस्ट्रोजेनच्या गोळीपेक्षा जेलने गुठळीचा धोका कमी. आंघोळीनंतर कोरड्या मांडीवर किंवा दंडावर लाव, छातीवर कधीच नाही. पाच मिनिटं वाळू दे, हात साबणाने धू आणि तासभर ती जागा भिजवू नकोस. पूर्ण गुण यायला तीन महिनेही लागतात. आठवड्यातच बंद करून 'काही उपयोग नाही' म्हणू नकोस.

खालचा कोरडेपणा, आग, सारखी लघवी यावर योनीत लावायचं एस्ट्रिऑल (सौम्य इस्ट्रोजेन) क्रीम असतं: अर्धा ग्रॅम, रोज रात्री दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. यात लाजण्यासारखं काही नाही. हे मात्र थांबवलं की त्रास परत येतो.

रात्री उशिरा झणझणीत शेवभाजी आणि वर चहा, हे वाफांना आमंत्रणच. कॅल्शियम दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं: अर्धा लिटर दुधात सुमारे 600, 100 ग्रॅम नागलीच्या (नाचणीच्या) पिठात साडेतीनशेच्या आसपास. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नकोस, लोह नीट लागत नाही. दोन तासांचं अंतर ठेव.

भरलेला हंडा सहा आठवडे जावईबापूंनीच उचलायचा, हे त्यांना वाचून दाखव. पोटरी सुजली, अचानक दम लागला किंवा ताजं रक्त गेलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. घामासोबत ताप आणि वजन घटणं असेल तर ते या त्रासातलं नाही, वेगळी तपासणी करायला लाव.

तुझी,
आई