“शंभर टक्के सुरक्षित” या हमीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सर्व्हरवरील रॅन्समवेअर हल्ला आणि आपण दिलेली चुकीची हमी

महोदय,

वाशीत माझे कस्टम क्लिअरिंगचे छोटे ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, एक सर्व्हर. तीन वर्षे त्यांची देखभाल वार्षिक करारावर आपल्याकडे आहे. गेल्या सोमवारी ऑफिस उघडले तर सर्व्हरवरची एकही फाईल उघडेना. बिल ऑफ एंट्री, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सगळ्यांच्या नावांपुढे भलतीच अक्षरे आणि स्क्रीनवर बिटकॉइनमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. मी पैसे दिलेले नाहीत, देणारही नाही.

आपला इंजिनिअर अर्धा तास बघून म्हणाला, “काका, नेटला जोडलेलं मशीन शंभर टक्के सेफ कधीच नसतं.” मुलगा खरे बोलला. पण मग आपल्या कोटेशनच्या पहिल्याच पानावर “शंभर टक्के सुरक्षित” असे कशाच्या जोरावर छापले?

जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे न्हावा शेवा बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले, तेव्हा आम्ही याच धंद्यात होतो. तो हल्ला सुरू झाला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. सुरक्षित राहायचे म्हणून जे अपडेट लोक मुकाट्याने घेतात, त्यातूनच. जगभर जहाजे चालवणारी कंपनी जिथे सुटली नाही, तिथे माझा सर्व्हर अभेद्य राहावा असा माझा हट्ट नाही. हल्ला होऊ शकतो हे आधी सांगितले असते तर मी तशी तयारी ठेवली असती.

बॅकअपची हार्ड डिस्क आपल्या माणसाने त्याच सर्व्हरला कायमची जोडून ठेवली. ती रोज संध्याकाळी काढून घरी नेऊ का, असे मी स्वतः विचारले होते. “गरज नाही, सिस्टिम सेफ आहे,” हे उत्तर मिळाले. आता सर्व्हरबरोबर तीही लॉक झाली आहे. शिवाय आपल्या सोयीसाठी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा होता, आणि पासवर्ड बसवल्या दिवसापासून तोच. ही दोन्ही कामे आपली होती. माझ्यासारख्या कस्टम ब्रोकरला कागदपत्रे किमान 5 वर्षे जपावी लागतात. माझी मुलगी आणि दोन कर्मचारी सध्या पार्टीपार्टीकडून ईमेल मागवून त्या फाईली पुन्हा उभ्या करत आहेत.

हल्लेखोर कुठून शिरला याचा लेखी अहवाल मला द्यावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना 6 तासांत कळवायची असते. आपण कळवली का, तेही त्यात लिहावे. यंदाची कराराची रक्कम परत करावी. आणि कोटेशनमधले ते वाक्य काढून आपल्या बाकीच्या ग्राहकांना बॅकअपची डिस्क आजच वेगळी करायला सांगावे. माझ्याच इमारतीत आपले आणखी दोन ग्राहक आहेत, त्यांच्याही डिस्क अजून सर्व्हरलाच जोडलेल्या आहेत.

उत्तराची वाट 15 दिवस पाहीन.

आपला ग्राहक,
वाशी, नवी मुंबई