चिनू, कट करायला बसण्याआधी

प्रिय चिनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, ते पुरं करायला लिहितोय. फोनवर मला धड मांडता येत नाही आणि तूही घाईत होतीस. तुझ्या डायरेक्टरने ‘पेस कसा हवा ते बघून घे’ म्हणत 1997 चा ‘द जॅकल’ बघायला सांगितला, हे ऐकलं आणि माझा आवाज चढला. तू म्हणालीस, “बाबा, तुझ्या त्या 1973 च्या पिक्चरमध्ये माणूस अर्धा वेळ नुसती गाडी चालवतो,” आणि फोन ठेवलास. मग रात्री आत्याचा फोन आला, की गेल्या आठवड्यात तुला एडिट सूटमध्ये चक्कर आली होती. आम्हाला तू काही बोलली नाहीस. त्या विषयावर मी इथे काही लिहिणार नाही, आई बोलेल तुझ्याशी. मी पिक्चरबद्दलच लिहितो.

तुझं पहिलं स्वतंत्र काम आहे हे. ‘संकलन’ या शब्दाखाली एकट्या तुझं नाव येणार. आईने ते शेजारीपाजारी सांगून झालंय आणि मीही काही कमी लोकांना सांगितलेलं नाही. म्हणूनच जीव तुटतो. जुन्या थ्रिलरचा रिमेक करायला निघालेल्या माणसांनी नमुना म्हणून नेमका फसलेला रिमेक पुढ्यात ठेवावा, हे मला बघवत नाही.

1973 च्या मूळ पिक्चरचं, ‘द डे ऑफ द जॅकल’चं, मोठेपण कशात आहे ते आधी सांगतो. त्याचा शेवट थिएटरात शिरण्याआधीच सगळ्यांना माहीत होता. 22 ऑगस्ट 1962 ला पॅरिसजवळ पती-क्लामारला फ्रान्सचे अध्यक्ष द गोल यांच्या गाडीवर खराखुरा हल्ला झाला होता. अल्जेरिया सोडला म्हणून पेटलेल्या, बंडखोर सैनिकांच्या ओएएस या संघटनेचा तो कट. द गोल वाचले आणि कटाच्या सूत्रधाराला, बास्तियाँ-तिरीला, मार्च 1963 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. पिक्चर सुरू होतो तो इथून. पुढचा परका मारेकरी, ‘जॅकल’ हे टोपणनाव घेतलेला, आणि द गोलना मारायची त्याची पाच लाख डॉलरची सुपारी ही फ्रेडरिक फोर्साइथची कल्पना. कादंबरी आली 1971 मध्ये, आणि द गोल तर नोव्हेंबर 1970 मध्ये आपल्या घरी वारले होते. म्हणजे हा माणूस गोळीने मरत नाही हे पहिल्या पानापासून ठाऊक. तरी आपण खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो, कारण आपण बघत असतो ते काम. दोन माणसं आपापलं काम मन लावून करतायत. एक लहानपणीच गेलेल्या एका मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतोय, दुसरा, त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी लबेल, त्याच पासपोर्टांच्या अर्जांचे गठ्ठे उपसायला लावतोय.

आता तुझी ती ‘नुसती गाडी’. मोकळ्या पांढऱ्या गाडीतून जॅकल येतो, पोलिसांना त्याचं टोपणनाव कळलंय हे त्याला नुकतंच समजलंय. रस्त्याला फाटा फुटतो. एका पाटीवर इटली, दुसऱ्या पाटीवर पॅरिस. तो गाडी थांबवतो. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत भीती नाही. मग गाडी पॅरिसच्या रस्त्याला लागते. त्या थांबण्यात त्याचा हट्ट, त्याचा माज आणि त्याचं मरण, सगळं येऊन जातं. संकलक राल्फ केम्पलेनने ते कापलं असतं तर उरली असती ती खरंच नुसती गाडी. केम्पलेनला या पिक्चरसाठी संकलनाचं ऑस्कर नामांकन होतं, हे मी तुला सांगायला नको.

आणि तो कलिंगडाचा प्रसंग. तो तू चौथीत असताना बघितलास. गोवर येऊन गेला होता, शाळेत पाठवायचं नव्हतं, आणि मी डीव्हीडी लावली म्हणून आईने मला नको नको ते सुनावलं होतं. जॅकल रानात जातो, जाळीच्या पिशवीत घातलेलं फळ झाडाला टांगतो, पावलं मोजत लांब येतो. रायफलचे नळ एकात एक बसवतो. एक गोळी, मग स्क्रू थोडासा फिरवतो. दुसरी गोळी, परत स्क्रू. घाई कुठे म्हणून नाही. मागे संगीतही नाही. तू पांघरुणातून डोकं काढून विचारलंस, “बाबा, आवाज का बंद केलास?” मी म्हटलं, बंद नाही केला, असाच आहे. मग तू कान देऊन ऐकायला लागलीस. शेवटी तो खरी, स्फोटाची गोळी भरतो आणि फळाच्या चिंध्या होतात, तेव्हा तू माझा हात इतका घट्ट धरलास की नखं रुतली. एका माणसाच्या डोक्याचं काय होणार आहे ते तुला कुणीही न सांगता कळलं होतं. तेवढी लहान पोर, पण कळलं.

याच जागी 1997 वाल्यांनी काय केलं ते तू आता बघितलंसच. बंदूक तपासायची म्हणून नव्यातला जॅकल, ब्रूस विलिस, ती बसवून देणाऱ्या कारागिराचा हात उडवतो आणि मग त्याचा जीवच घेतो. कारागीर झालेला जॅक ब्लॅक ओरडतोय, पळतोय, गोळ्यांचा नुसता धडाका. क्षणभर दचकायला होतं, कबूल. पण दोन मिनिटांनी विचारलं तर मनात काय उरलं? कलिंगड मला इतक्या वर्षांनी दिसतं.

आत्या म्हणाली, तू खुर्चीवरून उठलीस आणि भिंत धरलीस. कुणीतरी पाणी दिलं आणि तू पुन्हा कामाला बसलीस. पुन्हा बसलीस, चिनू? निदान त्या दिवशी घरी जायचं होतं. असो. लिहिणार नव्हतो.

रिमेक मुळातच वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. गोष्ट नव्या काळात न्यायची तर काळाबरोबर कारणंही नवी आणि तितकीच भक्कम हवीत. जुन्यात सैनिकांचं देशाशी फाटलेलं नातं होतं. सुपारीचे पैसे उभे करायला त्यांना बँका लुटाव्या लागतात, आणि त्या दरोड्यांवरूनच काहीतरी शिजतंय याचा वास पोलिसांना लागतो. एकातून दुसरं निघत जातं. नव्यात एका माफियाचा भाऊ मॉस्कोच्या नाइटक्लबात मारला जातो आणि तो रागाच्या भरात सात कोटी डॉलर टाकतो. रक्कम फुगली, कारण आटलं. मग लक्ष्य कोण, तर एफबीआयचा प्रमुख असं वाटायला लावून शेवटी अध्यक्षांची पत्नी. हा धक्का द्यायचा होता म्हणून आधी सगळं झाकून ठेवलं, आणि त्या झाकाझाकीत प्रेक्षकाला कामाला लावायचं राहून गेलं.

शिवाय ती जुनी दुष्मनी. रिचर्ड गेर तुरुंगातला आयआरएचा, आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेचा, माणूस, त्याच्या बाईला जॅकलने पूर्वी गोळी घातलेली, पोटातलं मूल गेलेलं. म्हणजे आता पाठलाग कशाचा, तर सूडाचा. जुन्याचा डायरेक्टर फ्रेड झिनेमन. त्याच्या पिक्चरमध्ये लबेल आणि जॅकल शेवटच्या मिनिटापर्यंत समोरासमोर येत नाहीत. एकमेकांचा राग यावा इतकी ओळखच नाही त्यांची! लबेल हा थकलेला, मऊ आवाजाचा, बायकोला घाबरणारा वाटावा असा सरकारी माणूस. तो मंत्र्यांच्या बैठकीत एक रेकॉर्डिंग ऐकवतो. बैठकीतल्याच एका बड्या माणसाच्या घरून एक बाई बातम्या पुरवत होती. तो माणूस निमूट उठून जातो. मग मंत्री विचारतो, कुणाचा फोन टॅप करायचा हे तुम्हाला कसं कळलं? लबेल सांगतो, कळलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच केले. एवढं बोलून तो निघतो. लबेल झालेला मायकेल लाँसडेल हे वाक्य वेळ सांगावी तसं सांगतो, आणि खोलीतले सगळे बडे लोक जागच्या जागी गारठतात. त्याला ना बंदूक लागली, ना सूड.

जॅकलच्या भूमिकेत एडवर्ड फॉक्सला घेतलं तेही याच विचाराने. फारसा ओळखीचा नसलेला चेहरा झिनेमनला हवा होता, गर्दीत सहज मिसळेल असा. ब्रूस विलिसने केसांचे टोप बदलले, मिशा लावल्या, मेहनत केली, पण आपण प्रत्येक वेळी टोपाखाली ब्रूस विलिसच शोधतो. आणि त्या मोटारीतून रिमोटने चालणाऱ्या राक्षसी बंदुकीपुढे कुबडीच्या नळ्यांत लपवलेली ती सडपातळ रायफल आठव. एक पाय दुमडून बांधलेला, छातीवर पदकं लावलेला म्हातारा सैनिक कुबडीवर लंगडत येतो आणि पोलीस स्वतः त्याला वाट करून देतो. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

झिनेमन शेवटी शेवटी या रिमेकच्या नावावरून भांडत होता, फोर्साइथही. त्यांनी विरोध केला म्हणून जुनं पूर्ण नाव घेता आलं नाही, नुसतं ‘द जॅकल’ राहिलं. मार्च 1997 मध्ये झिनेमन गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिक्चर लागला. एकोणनव्वदाव्या वर्षी आपल्या कामाचं नाव जपायला भांडणारा तो म्हातारा मला फार जवळचा वाटतो.

सगळंच टाकाऊ होतं असंही नाही. डायन व्हेनोराची ती रशियन मेजर बघ, गालावर व्रण, मोजकं बोलणं. जुन्या पिक्चरमध्ये ती शोभली असती. सिडनी पॉइटियेला तर नुसतं दारातून आत येताना बघितलं तरी बरं वाटतं. आणि पैसे मिळवले म्हणशील तर मिळवलेच या रिमेकने, जगभरात पंधरा कोटी डॉलरच्या वर. तुझा प्रोड्यूसर तोच आकडा दाखवणार. त्याचं घर त्यावर चालतं, त्याला नावं ठेवू नकोस.

पण तू कापताना त्याच्या भीतीने कापू नकोस. प्रेक्षक कंटाळेल, प्रेक्षक उठेल, प्रेक्षक मोबाइल बघेल, या धाकाने शॉट पाव सेकंद आधी सोडायची सवय लागते आणि ती सवय हातात बसते. मग चांगला डायरेक्टर मिळाला तरी हात ऐकत नाही. आणखी एक. झोप नसलेल्या डोळ्यांना प्रत्येक शॉट लांब वाटतो. पहाटे चारला जे रटाळ वाटतं ते सकाळी दहाला तसं वाटत नाही, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. तुझं ‘लास्ट सीन’ रोज पहाटे चारचं असतं. मी बघतो म्हणून रागावू नकोस, मला जाग येते आणि हात आपोआप फोनकडे जातो. तू रात्र रात्र बसून दिवसा सुचलेलं चांगलं कापून टाकत असशील तर? तेवढं एक मला खातंय. तब्येतीचं म्हणून नाही, कामाचं म्हणून सांगतो. खरं तर दोन्हीचं.

हे भाषण झालं. माफ कर. तुला तुझं काम शिकवावं असं मला काही येत नाही. मी आयुष्यभर तिकीट काढून समोर बसलेला माणूस आहे. पण समोर बसणाऱ्याला काय हवं असतं ते मला माहीत आहे, आणि तुला ते माझ्याआधी कळलं होतं. आजीवरची तुझी फिल्म आठव. आजी सुईत दोरा ओवते. पहिल्यांदा चुकतं, दोरा ओला करते, दुसऱ्यांदा चुकतं, चष्मा कपाळावर चढवते, सुई उजेडाकडे धरते आणि ओवते. परीक्षक लांब झाला म्हणाले. तू एक फ्रेमही काढली नाहीस. हॉलमध्ये माझ्या शेजारचा अनोळखी माणूस दोरा ओवला जाताच “हां” म्हणाला. मी तेव्हा तुला काहीच बोललो नव्हतो, बोलता येत नव्हतं मला. ज्या मुलीने तो शॉट ठेवला तिला विलिसच्या बंदुकीचा पेस कुणी शिकवायचा?

डायरेक्टरशी भांडू नकोस. नुसतं सांगू नकोसही, दाखव. त्याला फाट्यावरचा प्रसंग आणि लबेलची बैठक लागोपाठ दाखव, मग रिमेकमधला तुला आवडेल तो पाठलाग दाखव. मध्ये काही बोलू नकोस. नाहीच पटलं तर त्याचा पिक्चर आहे, त्याच्या मनासारखा कर, पण निदान एका जागी तरी तुझं कलिंगड मागून घे. एकच जागा. आणि तिथे टेंप म्युझिक, ते तात्पुरतं संगीत, लावून बघायच्या आधी मुका कट बघ.

पहिला रफ कट झाला की मला बोलाव. मी मागच्या खुर्चीत बसेन, तोंड उघडणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. हिमोग्लोबिन तपासून घे. आत्याच्या ओळखीच्या डॉक्टरांनी शनिवारची वेळ दिली आहे. शनिवारी एडिट आहे हे कारण सांगू नकोस, आईने आत्याला तुला घ्यायला यायला सांगितलंय आणि तीही येणार आहे.