ग्रासकटर सीज होण्याचे खापर दरवेळी शेतकऱ्यावर का?

महोदय,

पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते आणि त्याच सुमारास दुरुस्तीच्या दुकानांत सीज झालेल्या, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बंद पडलेल्या, ग्रासकटरांची रांग लागते. त्यांतली बरीच यंत्रे एक-दोन हंगामच वापरलेली असतात. या यंत्रांचे इंजिन टू-स्ट्रोक, त्याला वंगणासाठी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. म्हणून विक्रेत्याचे उत्तर ठरलेले: ‘तुम्ही ऑइल कमी घातलेत.’ वॉरंटीचा विषय तिथेच संपतो. हे उत्तर काही वेळा खरेही असते. पण ते इंजिन न उघडताच दिले जाते, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

सीज का झाले हे पिस्टनवर लिहिलेले असते. सायलेन्सरचे बोल्ट सोडवले की एक्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टनची एक बाजू दिसते. कार्बोरेटर काढला की दुसरी. ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर इंजिन चालले असेल तर ओरखडे सहसा सगळ्या बाजूंनी असतात आणि पिस्टन कोरडा ठणठणीत दिसतो. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे असतील आणि कार्बोरेटरकडची बाजू स्वच्छ असेल, तर बहुधा इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत होते, किंवा ते बेसुमार तापले होते. कार्बोरेटरकडच्या बाजूला, पिस्टनच्या खालच्या भागात करडी, निस्तेज झीज असेल तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत गेली. आणि पिस्टनमधून आडव्या जाणाऱ्या गजन पिनच्या टोकाच्या रेषेत खोल चर पडला असेल तर ती पिन जागेवर धरणारी सर्क्लिप निसटलेली असते. नव्या यंत्रात असे झाले तर तो जोडणीतला दोष, वापरणाऱ्याचा त्यात काहीही संबंध नाही. टाकीत उरलेल्या पेट्रोलचा थेंब कागदावर टाकून वाळू द्यावा. ऑइल मिसळलेले असेल तर तेलकट डाग राहतो. या तपासणीला अर्धा तासही लागत नाही, तरी ती केली जात नाही.

आमच्याकडे उघडल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रांत एक्झॉस्टच्या बाजूचे ओरखडे वारंवार दिसतात. मूळ शोधत गेले की क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) ऑइल सीलपाशी किंवा कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यापाशी पोचतो. सीलचे रबर उष्णतेने कडक होते, प्लास्टिक वाकते, आणि तिथून इंजिन जादा हवा खेचते. रेस सोडल्यावरही इंजिन लगेच खाली येत नाही, वर गुणगुणत राहते, ही त्याची पहिली खूण. खात्री करायची तर एक्झॉस्टचे आणि कार्बोरेटरकडचे अशी दोन्ही छिद्रे बंद करून क्रँककेसमध्ये (क्रँकच्या घरात) सुमारे ०.५ बार हवा भरावी आणि दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का ते पाहावे. दहा रुपयांची बचत करून बसवलेले सील अख्खे इंजिन घेऊन जाते.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत तेवढ्याच हवेला साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागते. मोटारीतला संगणक हा फरक आपोआप सांभाळतो. ग्रासकटरच्या साध्या कार्बोरेटरला ते जमत नाही, आणि ज्यांत मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) कायमचे ठरवलेले असते, स्क्रू फिरवून वाढवता येत नाही, तिथे कारागिराचेही हात बांधलेले. यंत्र बनवणाऱ्याने जेट बदलायला हवे होते. त्याऐवजी जुनेच कार्बोरेटर नव्या खोक्यात येत आहेत. तीच गत पेट्रोलच्या नळीची. इथेनॉल न सोसणारी नळी एका हंगामात कडक होऊन चिरते.

कोकणातल्या दमट हवेत याहून मोठा धोका आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. अर्धा रिकामा कॅन पावसाळाभर पडून राहिला आणि पाण्याचे प्रमाण वाढले, की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. इंजिनाकडे पेट्रोल नेणारा टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. म्हणजे शेतकऱ्याने लिटरला ४० मिली मोजून घातले तरी इंजिनाला वंगण मिळत नाही. अशा वेळी ‘ऑइल कमी घातले’ म्हणणे हा सरळ अन्याय आहे. यावर उपाय एवढाच की रोज लागेल तेवढेच मिश्रण करावे, पारदर्शक बाटलीत दोन थर दिसले तर ते वापरू नये, आणि काम थांबताना टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

मिश्रणाच्या प्रमाणाबाबत कंपन्यांनीच गोंधळ घातला आहे. सोबतच्या बाटलीवर २५:१ ची खूण, टाकीवरच्या स्टिकरवर ४०:१, आणि पुस्तिका असलीच तर तिसरेच. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. कोणते खरे हे शेतकऱ्याने कुणाला विचारायचे? ऑइलही जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचे टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचे) हवे. मोटरसायकलचे २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल चालत नाही.

सीसीचा, म्हणजे इंजिनाच्या आकारमानाचा, खोटेपणा तर उघड मोजता येतो. पिस्टनचा व्यास ४४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३४ मिमी असेल तर इंजिन ५१.७ सीसीचेच भरते. त्याच मापाच्या यंत्रावर ६३ सीसीचे लेबल लावलेले दिसते. ३४ मिमी स्ट्रोकमध्ये ६३ सीसी हवे तर पिस्टन साडेअठ्ठेचाळीस मिमीच्या आसपास लागेल. व्हर्नियर (अचूक मोजपट्टी) लावला की विषय संपतो.

पूर्वीच्या टू-स्ट्रोक स्कूटरचा बिडाचा ब्लॉक बोअर करून (आतून घासून रुंद करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकता येई. आताचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत कठीण धातूचा पातळ मुलामा. मुलामा चांगला असेल तर तो उत्तम टिकतो. पातळ असेल तर एक्झॉस्टच्या छिद्राच्या कडेने सोलतो, रिंग त्यात अडकते आणि मोडते. असा ब्लॉक बोअर करता येत नाही, ब्लॉक-पिस्टनचा संच नवाच घ्यावा लागतो. तो बाजारात मिळाला तर! आयात करणारा दोन वर्षांत नाव बदलतो आणि सुटे भाग नाहीसे होतात.

शेतकऱ्यांकडूनही चुका होतात हे मान्य. गार्ड काढून नायलॉनची दोरी लांब सोडली की इंजिनावर ताण येतो, फेरे पडतात, क्लच जळतो. ओले गवत थंडाव्याच्या पंखांत अडकलेले तसेच ठेवले की ब्लॉक तापतो. स्पंजचा फिल्टर ८-१० तासांच्या कामानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, थोडे ऑइल लावून बसवावा. गिअरबॉक्सला २५ तासांनी ग्रीस द्यावे. पण या गोष्टी सांगायची जबाबदारीही विकणाऱ्याचीच आहे, मराठीत आणि छापील.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून अशा यंत्रांना सरकारी अनुदान मिळते. म्हणून कृषी विभागाकडे मागणी आहे की चाचणीला गेलेले यंत्र आणि दुकानात विकले जाणारे यंत्र एकच आहे का, हे दुकानातून नमुने उचलून तपासावे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, पूर्ण भाराखाली, निदान ५० तास. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे हे काम होऊ शकते. खरी सीसी, मिश्रणाचे एकच प्रमाण आणि चालणारे पेट्रोल यंत्रावरच कोरलेले असावे. सुटे भाग किमान पाच वर्षे मिळण्याची हमी असल्याशिवाय अनुदान देऊ नये. वॉरंटी नाकारताना पिस्टनच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि कारण लेखी देणे बंधनकारक करावे.

तोवर ज्यांचे यंत्र सीज झाले आहे त्यांनी ते दुकानदाराकडे नुसते सोडून येऊ नये. आपल्यासमोर सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढायला लावून फोटो घ्यावेत, टाकीतले पेट्रोल बाटलीत काढून ठेवावे, खोक्यावरचे आयातदाराचे नाव-पत्ता आणि बिल जपावे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः यंत्र चालवणारा शेतकरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आहे, आणि सदोष उत्पादनाची भरपाई मागण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

– कोकणातील काही बागायतदार व यंत्रदुरुस्ती कारागीर