एकट्याचा संप

पिट्सबर्ग

प्रिय विज्या,

मनासारख्या करारासाठी 2018 चा मोसम न खेळता घरी बसलेला इथल्या स्टीलर्स संघाचा फुटबॉलपटू लेव्हिऑन बेल, त्याच्या प्रकरणावर तू एका ओळीत निकाल दिलास: ‘सही केली ना, मग गुमान खेळावं.’ आणि हे लिहितोय कोण, तर दर वेतनकराराला मॅनेजमेंटच्या नाकी नऊ आणणारा युनियनचा सेक्रेटरी! वाचून हसलो, मग जरा चिडलोही.

मुळात 2018 साली बेलने सही केलीच नव्हती. त्याचा जुना करार संपला होता. पण एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, फ्रँचाइझ टॅग नावाची सोय आहे, अर्थात मालकांची. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ आणखी एक वर्ष अडकवून ठेवू शकतो. पगार भरपूर, पण वर्षापुरताच. लागोपाठ दुसऱ्यांदा टॅग लावला तर वीस टक्के वाढ. बेलला 2017 मध्ये 1 कोटी 21 लाख डॉलर मिळाले आणि पुढच्या वर्षासाठी स्टीलर्सनी जवळपास 1 कोटी 45 लाख देऊ केले. तू म्हणशील, मग रडतोय कशाला? अरे, 2017 च्या मोसमात तो 321 वेळा चेंडू घेऊन धावला, शिवाय 85 झेल. त्यातल्या बहुतेक वेळा अंगावर धिप्पाड माणसं आदळलेली. गुडघा गेला की पुढच्या वर्षी कोण विचारतो? त्याला हवी होती ती अनेक वर्षांची हमी.

इथल्या करारांची मेख इथेच आहे. पेपरात छापून येतो तो आकडा एक, हमीची रक्कम वेगळीच. उरलेल्या पैशांवर पाणी सोडायला लावून संघ खेळाडूला मधेच काढू शकतो. खेळाडू मात्र मधेच उठून दुसऱ्या संघात जाऊ शकत नाही. त्याच वर्षी सिएटलचा अर्ल थॉमस करार वाढवून मागत सराव शिबिराला गेला नाही, पण मोसम सुरू होताना मुकाट परतला. चौथ्याच सामन्यात पाय मोडला. गाडीवरून बाहेर नेताना त्याने स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे मधलं बोट दाखवलं. असभ्यच, पण मला त्याचा राग येईना. (पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला चार वर्षांचा साडेपाच कोटींचा करार दिला, तेव्हा फार हळहळू नकोस.)

बेल अख्खा मोसम घरी बसला. पूर्वी हे जमून जायचं: 1993 मध्ये डॅलसचा एमिट स्मिथ घरी बसला, संघ पहिले दोन सामने हरला आणि मालकाने निमूटपणे पैसे मोजले. बेलच्या जागी मात्र जेम्स कॉनर आला आणि त्याने धावून 12 टचडाउन (इथले गोलच समज) केले. ज्यांच्या आडोशाने बेल धावायचा त्या लाइनमननीच पत्रकारांसमोर त्याला झोडपलं. तो येत नाही हे नक्की झाल्यावर सहकाऱ्यांनी त्याच्या लॉकरमधले बूट वाटून घेतले. मग जेट्स या दुसऱ्या संघाचा सव्वापाच कोटींचा चार वर्षांचा करार, आणि दुसऱ्याच मोसमात, ऑक्टोबर 2020 मध्ये, नारळ.

आता तुझ्या खात्यातली गोष्ट. टॅग मालकांनी एकट्याने लादलेला नाही, सामूहिक करारात त्यावर खेळाडूंच्या युनियनची सही आहे. 2020 चा करार खेळाडूंनी 1,019 विरुद्ध 959 मतांनी मंजूर केला. किमान पगार वाढला, उत्पन्नातला वाटा वाढला. बदल्यात मालकांना सतरावा सामना मिळाला आणि घरी बसणाऱ्यांभोवतीचा फास आवळला गेला. पहिला करार संपवून पुढच्या करारावर असलेला खेळाडू शिबिराला आला नाही तर दिवसाला 50,000 डॉलर दंड. पूर्वी समेट झाला की संघ दंड सोडून द्यायचे, आता ती मुभाच नाही. किमान पगारावरच्या पोराने होकार का दिला ते मला कळतं. त्याला घरी बसून चालणारच नव्हतं. पण त्याच्या वाढीची किंमत थॉमससारख्या करारात अडकलेल्यांच्या एकमेव हत्याराने चुकती झाली, आणि मला अन्याय दिसतो तो इथे. बेलच्या हट्टात नाही.

तुमचं नवं मागणीपत्र निघतंय म्हणालास. टूलरूमवाल्यांची वेगळी मागणी या खेपेला त्यात घेताय का? मागच्या वेळी बहुमताच्या जोरावर त्यांना गप्प बसवलं, असं तूच सांगितलं होतंस. सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या